अभिलेखागाराला वाढीव जागा हवी? आधी आराखड्याचे पैसे मागा

जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष असो, नगरपालिकेचं रेकॉर्ड असो की पुराभिलेख संचालनालयाचं एखादं कार्यालय, जागेच्या मागणीची नस्ती (फाइल) उघडली की साधारण एकच वाक्य सापडतं: 'सद्य:स्थितीत अभिलेख ठेवण्यास जागा अपुरी पडत असल्याने नवीन इमारतीसाठी निधी उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.' त्याच्या पाठोपाठ स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, स्मरणपत्र तीन. मग साहेब बदलतात आणि नवे साहेब तेच वाक्य नव्या जावक क्रमांकाने पाठवतात. अशी पत्रं वरून परत येतात त्यात कुणाचा आकस नसतो. वित्त विभागाने धरावा असा एकही आकडा त्यात नसतो, एवढंच.

नव्याने अभिलेखपाल झालेल्या, किंवा 'जरा ते रेकॉर्ड रूमचं बघा' म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सांगायचं मुख्य म्हणजे इमारतीचे पैसे एकदम मागू नका. आधी आराखड्याचे मागा. मोजणी, छाननी, इमारतीची संरचनात्मक तपासणी, माती परीक्षण, वास्तुशास्त्रज्ञाचे नकाशे आणि त्यावरून अंदाजपत्रक, एवढ्या कामाचा खर्च बांधकामाच्या मानाने किरकोळ असतो. तो मंजूर करताना कुणाचा हात अडखळत नाही. आणि एकदा ही कागदपत्रं हातात आली की इमारतीचा प्रस्ताव नाकारणाऱ्यालाही कारण लिहावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न का साचला, हे थोडक्यात. मुंबईचं सरकारी अभिलेखागार गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, 1821 साली सुरू झालं. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या ज्या इमारतीत ते आहे, ती 1888 ची. पुण्याच्या पेशवे दफ्तराची दगडी इमारतही त्याच सुमाराची. इमारती तेवढ्याच राहिल्या, कागद मात्र दर वर्षी येत राहिला. तालुक्याच्या ठिकाणी तर रेकॉर्ड म्हणजे जिन्याखालची, गळकी, कुणालाच नको असलेली खोली. तिची आठवण होते ती अडचण आल्यावर. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सगळी यंत्रणा जुन्या दप्तरांत उतरली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कोणता गठ्ठा कुठे आहे हे ज्या कार्यालयात माहीत होतं तिथलं काम आणि जिथे गठ्ठे ढिगात होते तिथलं काम, यातला फरक ज्यांनी ते केलं त्यांना विचारा.

पायरी 1: आधी मोजा, तेही धावत्या मीटरमध्ये

'आमच्याकडे बारा हजार गठ्ठे आहेत' या वाक्याला अर्थ नाही. गठ्ठा चार बोटांचा असतो, तसाच दीड हाताचाही. चौरस फुटातही मोजू नका, कारण त्याच खोलीत छतापर्यंत रॅक आहेत की जमिनीवर ढीग, हे त्यातून कळत नाही. जगभरच्या अभिलेखागारांत चालणारं माप म्हणजे धावता मीटर: फळीवर कागदाने किती लांबी व्यापली आहे ती.

मेजर टेप घ्या, सोबत एक शिपाई आणि एक वही. प्रत्येक रॅकला क्रमांक द्या, प्रत्येक फळीला अक्षर. फळीवर कागद जिथे सुरू होतो तिथून संपतो तिथपर्यंतची लांबी लिहा. फळी 90 सेंटीमीटरची असली आणि 60 च भरली असली तर 60 लिहा. एकावर एक रचलेल्या गठ्ठ्यांच्या जाड्यांची बेरीज करा, कारण नीट लावल्यावर ते तेवढीच लांबी खाणार आहेत. जमिनीवरचे ढीग, कपाटांच्या माथ्यावरची पोती, अधिकाऱ्यांच्या केबिनमागचा साठा, काही सोडू नका. बहुतेक कार्यालयांत एक पंचमांश रेकॉर्ड रेकॉर्ड रूमच्या बाहेरच राहतं, असा माझा अंदाज आहे. तुमच्याकडचा आकडा मोजल्यावर कळेल.

जुन्या दफ्तरातले रुमाल ही वेगळी गंमत आहे. कापडात चौकोनी बांधलेला रुमाल उभा राहत नाही, आडवाच ठेवावा लागतो, आणि एकावर तीन ठेवले की खालच्यातले मोडी कागद घड्यांवर चिरतात. म्हणून रुमालांची मोजणी वेगळ्या पानावर करा. मध्यम आकाराचे दहा रुमाल निवडून लांबी, रुंदी आणि उंची घ्या आणि सरासरीवरून लागणारी फळी काढा. नकाशे, गाव-नकाशांच्या गुंडाळ्या, मोठ्या नोंदवह्या यांनाही साध्या फळीवर जागा नसते. त्यांचा तक्ता वेगळा.

मोजता मोजता एक शेरा-रकाना भरत चला: ओल, वाळवी, कसर, उंदीर, सुस्थिती. पुढे 'जागा का हवी' याचं उत्तर निम्मं याच रकान्यातून मिळतं. मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोच्या नावात रॅक क्रमांक टाका. नाव नसलेले दोनशे फोटो कुणीच बघत नाही.

पायरी 2: छाननी, म्हणजे नको ते बाहेर

वित्त विभागातल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'यातलं नष्ट करण्यासारखं किती आहे?' याचं उत्तर नसेल तर पुढचं काही वाचलं जात नाही. आणि खरं सांगायचं तर प्रश्न रास्तच आहे.

सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गटांत लावायची सरकारी रीत, तुम्हाला माहीत असेलच. तिच्यातले शेवटचे दोन गठ्ठे, अभिलेख कक्षात पाठवायचा आणि नष्ट करायचा, वर्षानुवर्षं एकत्रच खाली उतरतात. तिथेच घोळ होतो. वर्गीकरण साधारण असं: अ वर्ग कायमचा, ब वर्ग 30 वर्षांचा, क मध्ये 10 आणि 5 वर्षांचे प्रकार, ड वर्ग वर्षभराचा. तुमच्या विभागाची अभिलेख सूची काढून पाहा, कारण कोणतं प्रकरण कोणत्या वर्गात हे विभागाविभागात बदलतं. मुदत संपलेल्या क आणि ड वर्गाची यादी करा, कार्यालयप्रमुखांची लेखी मान्यता घ्या, नाशन-नोंदवहीत नोंद करा, मगच कागद लगद्याला द्या.

इथे घाई करू नका. केंद्राचा 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि राज्याचा 2005 चा अधिनियम, दोन्हींचा रोख एकच आहे: ठरलेल्या पद्धतीबाहेर सरकारी अभिलेख नष्ट करता येत नाही. केंद्राच्या कायद्यात तर 1892 च्या आधीचा कागद नष्ट करायलाच मनाई आहे, अपवाद फक्त अभिलेख म्हणून उपयोगच होणार नाही इतक्या खराब झालेल्याचा. तुमच्याकडे स्वातंत्र्यापूर्वीचं काही निघालं, मोडी-फारसी-उर्दूतलं काही निघालं, तर वर्ग कोणताही लिहिलेला असो, पुराभिलेख संचालनालयाला विचारल्याशिवाय बाहेर काढू नका.

एक कानमंत्र. छाननी पूर्ण होईपर्यंत थांबू नका, नाहीतर प्रस्ताव पाच वर्षं मागे पडेल. नमुना म्हणून पाच-सहा रॅकची छाननी करा, किती टक्के बाहेर गेलं ते काढा आणि तो अंदाज म्हणून प्रस्तावात लिहा. उरलेल्या छाननीसाठी कंत्राटी मनुष्यबळाचा खर्च हाच आराखड्याच्या निधीतला पहिला घटक करा.

पायरी 3: पुढची वीस वर्षं

मागच्या पाच-सात वर्षांत दर वर्षी किती मीटर कागद आत आला आणि किती बाहेर गेला, ते आवक नोंदवहीवरून काढा. दोन्हींतला फरक ही तुमची वार्षिक वाढ. ई-ऑफिस (संगणकावरच्या नस्त्या) आल्यावर वाढ कमी झाली असेल तर तेही लपवू नका. उलट, स्वतःहून कमी दाखवलेल्या आकड्यावर विश्वास बसतो. मात्र दोन गोष्टींची नोंद घ्या: बंद पडलेल्या किंवा विलीन झालेल्या कार्यालयांचं रेकॉर्ड एकगठ्ठा येऊन पडतं, आणि खालच्या कार्यालयांत साचलेलं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं कायम रेकॉर्ड तुमच्याकडे यायचं अजून बाकी असतं. ई-ऑफिसमुळे हे थांबणार नाही.

पायरी 4: मीटरवरून जागा, जागेवरून वजन

हा भाग थोडा दमाने वाचा. अर्धे प्रस्ताव इथेच कोसळतात, आणि क्वचित एखादा मजलाही.

समजा, मोजणीत 1,200 मीटर भरलं. छाननीतून 300 जाईल, राहिलं 900. वार्षिक निव्वळ वाढ 40 मीटर, म्हणजे वीस वर्षांत 800. एकूण 1,700. त्यात हलवाहलवीसाठी 15 टक्के मोकळी जागा धरली की 1,955 मीटर. आता 90 सेंटीमीटर रुंदीचा, दोन्ही बाजूंनी सहा-सहा फळ्यांचा एक रॅक 10.8 मीटर कागद घेतो. म्हणजे 182 रॅक. रॅकची खोली 80 सेंटीमीटर आणि पुढची वाट 90 सेंटीमीटर धरली तर एका रॅकला सुमारे 1.53 चौरस मीटर लागतात. सगळे मिळून 278 चौरस मीटर. मुख्य वाटा, दार, छाननीचं टेबल यांसाठी आणखी 30 टक्के धरा. बेरीज होते 362 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 3,900 चौरस फूट. छाननी केलीच नसती तर हाच हिशेब 4,500 च्या वर गेला असता. हा फरक प्रस्तावात ठळक लिहा. 'आम्ही आमच्या बाजूने एवढी जागा वाचवली' हे वाक्य फार कामाचं आहे.

आता वजन. झेरॉक्सच्या कागदाचं रीम हातात घेऊन बघा: पाच सेंटीमीटर जाड, वजन सव्वादोन-अडीच किलो. मीटरभर लांबीत अशी वीस रीमं बसतात, म्हणजे 50 किलोच्या आसपास. 10.8 मीटरचा भरलेला रॅक झाला 540 किलोचा, वर लोखंडाचं वजन. वाटेसकट विभागलं तर चौरस मीटरला जवळपास 400 किलो. साध्या कार्यालयाचा मजला भारतीय मानकानुसार चौरस मीटरला 2.5 ते 4 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने 250 ते 400 किलोसाठी धरलेला असतो. पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला तेच मानक 2.2 मीटर उंचीपर्यंत किमान 6 किलोन्यूटन धरायला सांगतं, म्हणजे सुमारे 600 किलो. रिकामी झालेली वरच्या मजल्यावरची शाखा 'रेकॉर्डला देऊन टाका' असं कुणी उदारपणे म्हणालं, तर आधी हे आकडे पुढे ठेवा.

आणि कॉम्पॅक्टर. रुळांवर सरकणारी ही कपाटं सगळ्यांना आवडतात, कारण जागा निम्मी लागते. पण वाट गेली म्हणजे तेच 540 किलो आता 0.72 चौरस मीटरवर आले: चौरस मीटरला 750 किलो, अधिक लोखंड. हे 600 मध्येही बसत नाही. कॉम्पॅक्टर तळमजल्यावर घ्या किंवा त्यासाठी खास संकल्पित केलेल्या मजल्यावरच. विक्रेता 'काही होत नाही साहेब' म्हणेल. त्याच्याकडून संरचना अभियंत्याची सही मागा, तो विषय बदलेल.

पायरी 5: तळघर नको

जागा सुचवताना तीन पर्याय द्या: आहे त्या इमारतीत फेरबदल, शासनाचीच दुसरी रिकामी इमारत, आणि नवीन बांधकाम. एकच पर्याय दिला की तो हट्ट वाटतो.

पाण्याची पातळी पहिल्यांदा तपासा. मुंबईत 26 जुलै 2005, कोल्हापूर-सांगलीत 2019, चिपळुणात जुलै 2021. त्या-त्या गावात पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे जुन्या रहिवाशांना सांगावं लागत नाही. तळघर कितीही स्वस्तात मिळालं तरी नको, आणि पूररेषेच्या आत असेल तर तळमजलाही नको. मग वजनाचं काय, हा प्रश्न येतो. उत्तर म्हणजे चौथऱ्यावर उचललेला तळमजला, आणि म्हणूनच आराखड्याला पैसे लागतात.

आगीचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. 21 जून 2012 ला मंत्रालयाला लागलेल्या आगीत किती विभागांच्या नस्त्या गेल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. अभिलेख कक्षाचा मुख्य वीजस्विच खोलीबाहेर हवा, वायरिंग पाइपातून हवं, आगरोधक दार हवं, आणि वरून पाण्याची टाकी किंवा शौचालयाची पाइपलाइन जाता कामा नये. शेवटची गोष्ट नकाशात कुणी बघत नाही, तुम्ही बघा. हवामानाचं लक्ष्य साधारण 22 ते 25 अंश तापमान आणि 45 ते 55 टक्के आर्द्रता असं लिहा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे नुसत्या पंख्यांनी होत नाही. एसी दिवसा चालू, रात्री बंद ठेवला तर त्या चढउताराने कागदाचं उलट नुकसान होतं. म्हणून विजेच्या आवर्ती खर्चाची ओळ विसरू नका.

इमारत वारसा यादीत असेल तर वारसा समितीची परवानगी, तिला लागणारा वेळ आणि तशा कामाचा अनुभव असलेला वास्तुविशारद, हे तिन्ही आराखड्याच्या खर्चात धरा. एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत 2018 पासून मुंबईच्या जागतिक वारसा समूहात मोडते. तिथे भिंतीला छिद्र पाडायचं तरी विचारून.

पायरी 6: पैसे कोणाकडून

तुमचं कार्यालय ज्या विभागाखाली येतं त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, हा सरळ रस्ता. पुराभिलेख संचालनालय सांस्कृतिक कार्य विभागाकडे आहे, जिल्हा अभिलेख कक्ष महसूलकडे. काम नव्याने सुरू होत असेल तर ती 'खर्चाची नवीन बाब' ठरते आणि तिला वेगळं समर्थन लागतं. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. जानेवारीत प्रस्ताव नेलात तर 'पुरवणी मागणीत बघू' हे ऐकायची तयारी ठेवा. पुरवणी मागण्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात येतात, तेव्हा तेही वाईट नाही.

दुसरा रस्ता जिल्हा नियोजन समितीचा. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. अभिलेख कक्षाचं आधुनिकीकरण नावीन्यपूर्ण योजनांत बसतं का, हे जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना आधी तोंडी विचारा, मग लिहा. तिसरा रस्ता भूमी अभिलेखांपुरता: केंद्राच्या डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात तालुका पातळीवरचे आधुनिक अभिलेख कक्ष हा घटक आहे. फेरफार, सातबारा, मोजणी नकाशे हे तुमचं मुख्य रेकॉर्ड असेल तर हा आधी तपासा. राष्ट्रीय अभिलेखागाराकडून राज्यांच्या अभिलेखागारांना मिळणारं साहाय्य मुख्यतः जतन, सूची, डिजिटायझेशनला उपयोगी. त्यातून इमारत उभी राहत नाही.

पायरी 7: प्रस्ताव

टिपणी दोन पानांची, बाकी सगळं परिशिष्टात. पहिल्या परिच्छेदात चार आकडे: आज किती मीटर, छाननीनंतर किती, वीस वर्षांनी किती, उपलब्ध फळी किती. मग तीन पर्याय. मग आराखड्याच्या खर्चाची विगत: छाननीसाठी मनुष्यबळ, संरचनात्मक तपासणी, माती परीक्षण, सर्वेक्षण, वास्तुशास्त्रीय नकाशे, स्थूल अंदाजपत्रक. शेवटी शासनाकडून नेमकं काय हवं, ते एका वाक्यात. 'योग्य ते आदेश व्हावेत' हे ते वाक्य नव्हे.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याला पत्र पाठवण्याआधी जागेवर बोलवा. कागदाचं वजन किती असतं याची कल्पना इमारती बांधणाऱ्यालाही नसते, एक गठ्ठा हातात दिला की बाकी बोलावं लागत नाही. अंदाजपत्रक चालू दरसूचीवरच हवं. मागच्या वर्षीच्या दराने केलेलं अंदाजपत्रक फेरसादरीकरणासाठी परत येतं आणि त्यात एक हंगाम जातो. क्रम लक्षात ठेवा: आधी प्रशासकीय मान्यता, मग तपशीलवार अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, मग निविदा.

'स्कॅन करून कागद काढून का टाकत नाही?' हा प्रश्न बैठकीत येणारच. उत्तर तयार ठेवा. अ वर्गाचा मूळ कागद स्कॅन केल्यावरही ठेवावाच लागतो. वाद कोर्टात गेला की मूळ नस्ती मागवली जाते. स्कॅनने हाताळणी कमी होते, कागद टिकतो, शोध लवकर लागतो. जागा मात्र वाचत नाही. शिवाय माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगतं, आणि जमिनीवरच्या ढिगाची सूची होत नाही.

पायरी 8: मंजुरी आल्यावर

निधी बीम्स या शासनाच्या निधी-वितरणाच्या संगणक प्रणालीवर दिसला की लगेच वेळापत्रक आखा. 31 मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो. फेब्रुवारीत पैसे आले तर 'रॅक तरी घेऊन टाकू' हा मोह होतो. आराखड्याआधी घेतलेले रॅक पुढे खोलीत बसत नाहीत, आणि लेखापरीक्षणात त्याचं उत्तर रॅक घेणाऱ्याला द्यावं लागतं, सुचवणाऱ्याला नाही. त्याऐवजी माती परीक्षण आणि संरचनात्मक तपासणी ही लवकर उरकणारी कामं आधी लावा.

स्थलांतराचा तक्ता आराखड्यातच करून घ्या: जुना रॅक क्रमांक, नवा रॅक क्रमांक, गठ्ठा क्रमांक, उचलल्याची सही, ठेवल्याची सही. हमाल ठेकेदाराकडून घेतलेत तरी दोन्ही टोकांना आपला माणूस उभा करा. मेच्या अखेरीस हलवाहलव काढू नका, पहिली वळवाची सर नेमकी उघड्या टेम्पोवर येते. आणि पैसे येईपर्यंतच्या पावसाळ्यांसाठी, सगळ्यांत खालच्या फळीवरचं अ वर्गाचं रेकॉर्ड आजच दोन फळ्या वर चढवा. त्याला कुणाची मान्यता लागत नाही.